रंगीत टिनांची ‘पंधरा वर्षं ग्यारंटी’: कागदात काय असतं, काय नसतं

प्रश्न आर्वी तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचा आहे. घरावरचे कवेलू वानरांनी पार फोडून टाकले, म्हणून यंदा मिरगाच्या आधी ते उतरवून रंगीत टिना टाकायच्या आहेत. दुकानदार दोन माल दाखवतो. एक ०.४० मिलिमीटरचा, ‘दहा वर्षं ग्यारंटी’, दुसरा ०.५० मिलिमीटरचा, ‘पंधरा वर्षं’. मिस्त्री म्हणतो, गळलं तर मी बसलो आहो. शेजाऱ्याच्या ढोरांच्या कोठ्यावरच्या टिना मात्र पाच वर्षांत सडल्या आणि कंपनीने हात वर केले. मग या ग्यारंटीला अर्थ काय, गळलं-उडालं तर भरून कोण देणार, आणि जास्तीचे पैसे घालावेत का?

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात लोखंडी सांगाडा उभारून त्यावर टिना बसवण्याचं काम मी करतो, त्यामुळे हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकू येतो. आधी सरळ उत्तर देतो. दुकानदार सांगतो ती पंधरा वर्षं पत्र्याची आहेत, छपराची नाहीत. पत्रा गंजून आरपार भोक पडलं किंवा रंगाचे पापुद्रे निघाले तर कारखाना काहीतरी देईल, इतकाच तो करार. आपल्याकडे छप्पर गळतं ते स्क्रूच्या भोकातून, आढ्यावरून आणि पत्रा भिंतीला टेकतो त्या सांध्यातून. उडतं ते एप्रिल-मेच्या वादळात. गळणं आणि उडणं, दोन्ही त्या कागदाबाहेर. त्यामुळे पत्रा, बसवणी आणि वादळ यांचा बंदोबस्त तीन ठिकाणी वेगवेगळा करावा लागतो. तो ॲडव्हान्स देण्याच्या आधी झाला तरच होतो. पैसे एकदा गेले की दुकानदारही फोन उचलत नाही आणि मिस्त्रीही.

आता कागद कुणाचा ते पाहू. लोकांना वाटतं पत्र्यामागे जिचं नाव छापलंय ती कंपनी आपल्याला बांधील आहे. प्रत्यक्षात साखळी लांब असते. मोठा पोलाद कारखाना पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल बनवतो आणि रंगवतो. ती कॉइल एमआयडीसीतला दुसरा कारखानदार विकत घेतो, यंत्रातून काढून तिला नाल्या पाडतो आणि मागणीप्रमाणे लांबी कापतो. तिथून माल तालुक्याच्या दुकानात येतो. पोलाद कारखान्याची वॉरंटी कित्येकदा कॉइल विकत घेणाऱ्यालाच दिलेली असते. तुमचं नाव त्यात कुठेच नसतं. तुम्ही दाद मागायला गेलात की कारखाना म्हणतो आम्ही तुम्हाला माल विकलेला नाही, नाल्या पाडणारा म्हणतो कॉइल आमची नाही, दुकानदार म्हणतो आम्ही फक्त विकतो.

याला इलाज एकच. वॉरंटीचं कार्ड तुमच्या नावानं, गावाच्या पत्त्यासकट, बिलाचा क्रमांक आणि पत्र्याचं माप टाकून मागायचं. काही कंपन्यांत खरेदीनंतर ठरलेल्या दिवसांत मोबाइलवरून नोंदणी करावी लागते, ती राहिली तर कार्ड हे नुसतं चित्र. नोंदणी दुकानातच, दुकानदाराच्या समोर करून घ्या आणि आलेला मेसेज जपून ठेवा. “कार्ड मागून पाठवतो” म्हणणाऱ्या दुकानदाराचे शेवटचे पाच-सात हजार अडवून ठेवा. कार्ड आपोआप येतं.

बिल पक्कंच हवं. पत्र्यावर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो वाचवायला म्हणून साध्या चिठ्ठीवर माल देण्याची रीत खेड्यापाड्यांत जुनी आहे. चिठ्ठीवर घेतलेल्या मालाला वॉरंटी नसते, मग कार्ड कितीही चकचकीत असो. बिलावर कंपनीचं नाव, जाडी, लेपाचं वजन, रंग, लांबी आणि नग हे सगळं उतरलं पाहिजे. ‘रंगीत पत्रा, २४ नग’ एवढंच लिहिलेलं बिल ग्राहक आयोगासमोर काही सिद्ध करत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. तुमचं किंवा भावाचं कृषी केंद्र असेल तर जीएसटीची वजावट मिळते म्हणून बिल दुकानाच्या नावानं फाडू नका. व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. घराचा पत्रा घराच्या माणसाच्या नावानं.

पंधरा वर्षं म्हणतात तेव्हा नेमकी कशाची, हे कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा आकडा गंजून आरपार छिद्र पडण्याचा असतो आणि दर्शनी पानावर तोच छापतात. रंगाचे पापुद्रे निघण्याची मुदत त्याहून कमी, रंग फिका पडण्याची आणखी कमी. फिकेपणा यंत्रानं मोजतात, त्याला डेल्टा-ई नावाचं एकक आहे, आणि सगळं छप्पर सारखंच फिकं झालं असेल तर बऱ्याच कार्डांत तो दोष धरतच नाहीत. आपल्याकडच्या ४५-४६ अंशांच्या उन्हात लाल आणि निळा रंग काही वर्षांत उतरणारच. त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. रंग साध्या पॉलिस्टरचा आहे, सिलिकॉन मिसळलेल्या पॉलिस्टरचा आहे की पीव्हीडीएफ नावाच्या भारी रंगाचा, हे मात्र विचारा. टिकायला ते याच क्रमानं चढत जातात आणि किमतीलाही.

भरपाई कशी मोजतात हे कुणी विचारतच नाही. समजा ६० हजारांचा पत्रा घेतला, वॉरंटी दहा वर्षांची, आणि सातव्या वर्षाच्या अखेरीस भोकं पडली. बहुतेक कार्डांत उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात हिशेब असतो. तीन वर्षं उरली, म्हणजे ६० हजारांचे ३० टक्के, १८ हजार. तेही जुन्या भावानं, आणि बहुधा रोख नाही, मालात. जुना पत्रा उतरवणं, नवा चढवणं, मजुरी, स्क्रू, गावापर्यंतचं गाडीभाडं, सगळं तुमच्या खिशातून. नवा पत्रा द्यायचा, जागेवर रंग मारून द्यायचा की पैसे वळते करायचे, हे कंपनी ठरवते. बदलून मिळालेल्या पत्र्याला नव्यानं पंधरा वर्षं मिळत नाहीत, जुनीच मुदत पुढे चालते. घर विकलं तर नव्या मालकाला वॉरंटी जाते की नाही हेही त्याच बारीक अक्षरांत शोधा. हा सगळा हिशेब मांडला की कळतं, वर्षांच्या आकड्यापेक्षा मुळात पत्रा सडणारच नाही अशा मालावर पैसा घालणं का परवडतं.

तो माल ओळखायचा कसा? जाडी आणि लेप. जाडी सांगताना दोन रीती आहेत, रंग-लेपासकट एकूण जाडी आणि नुसत्या पोलादाची जाडी. ०.५० म्हणून मिळणारा रंगीत पत्रा बहुधा एकूण जाडीचा असतो, आतलं पोलाद ०.४३ ते ०.४६ च्या आसपास भरतं. दोन दुकानांचे भाव तुलायचे तर दोघांना एकच प्रश्न विचारा, नाहीतर स्वस्त वाटतो तो माल नुसता पातळ असतो. मायक्रोमीटर सगळ्यांकडे नसतो, पण तराजू असतो. चार फूट रुंदीच्या कॉइलमधून काढलेला १२ फुटी पत्रा ०.५० चा असेल तर साधारण १६ ते १७ किलो भरतो. ०.४० चा साडेबारा ते चौदा. दुकानदार ०.५० म्हणून देतोय आणि पत्रा चौदावर अडकतोय, तर पुढे बोलायची गरज नाही. एकच पत्रा तोलू नका, पाच-सहा एकदम तोलून सरासरी काढा.

लेपाचं वजन चौरस मीटरला किती ग्रॅम, दोन्ही बाजू मिळून, असं सांगतात. जस्ताच्या पत्र्यात १२० हा नेहमीचा आकडा. म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम जस्त, जाडीत मोजलं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. ॲल्युमिनियम-जस्त मिश्र लेपाच्या, गॅल्व्हल्यूम म्हणतात त्या पत्र्यात ७० पासून १५० पर्यंत मिळतं. दोघांवरही रंग सारखाच दिसतो. म्हणून पत्रा उलटा करून मागचा छापा वाचायचा. त्यात कंपनी, जाडी, लेप, बहुतेकदा तारीख किंवा बॅच असते. जस्ताच्या पत्र्याचं भारतीय मानक आयएस २७७, त्यावर रंग चढवलेल्याचं आयएस १४२४६, रंगीत मिश्र लेपाचं आयएस १५९६५. आयएसआय शिक्क्याखाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दोन मिनिटांत दिसतं. छाप्याचा फोटो बसवण्याच्या आधी काढा. पत्रा एकदा चढला आणि खालून पीओपी किंवा चुलीचा धूर लागला की छापा वाचता येत नाही, आणि छापा नाही तर दावा नाही.

आता त्या कलमांकडे येतो जिथे आपल्या गावातले दावे मरतात. कार्डात ‘अयोग्य वापर’, ‘साठलेली ओल’, ‘यांत्रिक इजा’, ‘रासायनिक वातावरण’ असे जड शब्द असतात. गावात त्यांचा अर्थ अगदी साधा आहे.

छपरावर ठेवलेले दगड. वारा येतो म्हणून टिनेवर धोंडे, जुने टायर, लाकडाचे ओंडके ठेवलेलं छप्पर प्रत्येक गल्लीत दिसतं. दगडाखाली पाणी अडकतं, दगड सरकला की रंग खरवडतो, आणि तिथूनच गंज धरतो. कंपनीचा माणूस वर चढून फोटो काढतो, दगड दिसले की काम तमाम. दगड ठेवावे लागतात याचाच अर्थ स्क्रू कमी मारलेत.

दोडक्याचा, भोपळ्याचा वेल छपरावर सोडलेला असतो. पऱ्हाटी, तुराट्या वर रचून ठेवतात. त्याखाली पावसाळाभर ओल राहते. कडुनिंबाचा पाला आढ्याजवळ, नाल्यांत साचतो, तीच गत. कार्डात ‘पावसाच्या पाण्यानं न धुतली जाणारी जागा मालकानं वेळोवेळी धुवावी’ असं कलम असतं, ते कुणी वाचत नाही. पोळ्याच्या आधी आणि दिवाळीनंतर एकदा झाडून पाणी मारलं तरी पुरे.

वानरं. कवेलू गेले म्हणजे वानरांचा त्रास संपला असं समजू नका. वानर टिनेवरून टिनेवर उडी मारतं तेव्हा पातळ पत्र्याला खोलगे पडतात, खोलग्यात पाणी साचतं. हे यांत्रिक इजेत मोडतं, वॉरंटीत नाही. तुमच्याकडे वानरांचा जोर आहे म्हणूनच मी ०.५० च्या बाजूनं आहे आणि खालच्या आडव्या पाइपांतलं अंतर चार फुटांपुढे जाऊ देऊ नका असं सांगतो.

ग्राइंडर. हा सगळ्यांत मोठा घात, आणि तो आपलेच लोक करतात. कापायच्या चकतीनं पत्रा कापला की कडेचा लेप जळतो आणि तापलेल्या लोखंडाचे कण उडून शेजारच्या पत्र्यांत रुततात. पहिल्या पावसात सगळ्या छपरावर तांबडे ठिपके. लोक म्हणतात माल खराब निघाला. माल चांगला असतो. पत्रा कातरीनं किंवा पत्रा कापण्याच्या यंत्रानंच कापायचा, आणि स्क्रू मारताना पडणारा लोखंडाचा भुगा त्याच दिवशी मऊ झाडूनं काढायचा. बसवलेल्या पत्र्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडू द्यायच्या नाहीत, म्हणजे सांगाड्याचं वेल्डिंग आणि त्यावरचा रंग आधी, पत्रा नंतर.

भिंतीच्या सांध्यात सिमेंट-रेतीचा मसाला भरण्याची सवयही तशीच. ओल्या सिमेंटचा क्षार जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो. शिवाय टिन उन्हानं हलते आणि मसाला हलत नाही, तेव्हा दुसऱ्या वर्षी तिथे भेग पडतेच. थंडीतल्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या तापमानात ५०-५५ अंशांचा फरक पडतो, त्यात २० फुटी पत्रा सुमारे ४ मिलिमीटर लांब होतो. भिंतीत खाच पाडून पत्र्याचीच वाकवलेली पट्टी बसवायची आणि फट सीलंटनं भरायची. सीलंट ‘न्यूट्रल’ प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन पत्र्याचा लेप खातं.

मग साठवण. उन्हाळ्यात माल घेऊन ठेवतात, तो अंगणात एकावर एक पडलेला असतो, अवकाळी पाऊस येतो. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की बाहेर निघत नाही आणि थोड्याच दिवसांत पांढरी पूड धरते. हा पांढरा गंज कुठलीच कंपनी मान्य करत नाही. गठ्ठा लाकडाच्या ठोकळ्यांवर, एका बाजूनं थोडा उंच करून ठेवा. ताडपत्री अंथरताना हवा खेळेल इतकी मोकळीक ठेवा. गाडीतून उतरतानाच गठ्ठा ओला असेल तर पोहोच-पावतीवर ‘माल ओला मिळाला’ असं लिहूनच सही करा.

खताच्या गोण्या, फवारणीची औषधं, चंद्रपूरकडच्या कोळशाची धूळ, सिमेंट कारखान्यालगतचं गाव, या सगळ्यांसाठी कार्डात वेगळं कलम असतं. तुमचं घर कारखान्याजवळ असेल तर किती किलोमीटरच्या आत वॉरंटी लागू नाही, ते आधीच विचारून घ्या.

वादळाचं काय? वारा, गारा, वीज, झाड पडणं हे नैसर्गिक आपत्तीत जातं आणि प्रत्येक कार्ड ते वगळतं. नागपूरसाठी आपल्या मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो. सर्वांत जास्त ओढतो तो वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांत. म्हणून तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, मधे एकाआड एक चालतो. आपले मिस्त्री सगळीकडे सारखेच आणि सारखेच कमी मारतात. वळचण फार बाहेर काढली, ओसरी-सपरीला खालून भिंत नसली की वारा आतून शिरून उचलतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भात ज्यांनी पाहिली त्यांना कुठल्याही कागदावर भरवसा ठेवू नका हे सांगावं लागत नाही.

वादळाचे पैसे दोनच ठिकाणांहून येतात. एक सरकार. तलाठ्याकडे लगेच कळवून पंचनामा करून घ्यायचा, फोटो पंचनाम्याच्या आधी काढायचे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत अंशतः पडझडीला, नुकसान किमान १५ टक्के असेल तर, पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये होते. त्यात छप्पर होत नाही, स्क्रू आणि मजुरी होते. दुसरा घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सामान्य विमा कंपन्या विकतात, त्यात वादळ आणि पूर धरलेले आहेत. फक्त मातीच्या भिंती आणि टिनाचं छप्पर असलं तर कंपनी घर कच्चं मानून विमा नाकारते का आणि गारांचं नुकसान त्यात बसतं का, ही दोन उत्तरं एजंटाकडून लेखी घ्या. कवेलूच्या घरापेक्षा टिनाच्या घराला विम्याची गरज जास्त, हे माझं मत. कवेलू फुटतात, दहा-वीस बदलले की झालं. टिन जाते ती पाखंच्या पाखं घेऊन जाते.

आता मिस्त्री. “भाऊ, मी आहो ना” ही आपल्याकडची सगळ्यांत मोठी ग्यारंटी, आणि ती मनापासून दिलेली असते, यात शंका नाही. पण मिस्त्री हंगामात दहा गावं फिरतो, कधी काम सोडून सुरत-पुण्याला जातो. स्टॅम्पपेपरची गरज नाही, साध्या कागदावर चार ओळी पुरतात. त्यात काय यावं ते सांगतो. काम संपल्याच्या तारखेपासून दोन पावसाळे स्क्रू, आढं किंवा सांध्यातून गळालं तर आठ दिवसांत येऊन फुकट दुरुस्त करीन. स्क्रू अमुक कंपनीचे, ऊन सोसणाऱ्या ईपीडीएम रबराच्या वायसरचे (वायसर म्हणजे स्क्रूच्या डोक्याखालची चकती), पत्र्याच्या उंचवट्यावर मारीन, नालीत नाही. दोन पत्रे लांबीत जोडले तर एक दुसऱ्यावर निदान सहा इंच चढवीन. उतार दहा फुटाला एक फुटापेक्षा कमी ठेवणार नाही. ग्राइंडरनं पत्रा कापणार नाही. खाली दोघांच्या सह्या, मोबाइल नंबर आणि एकूण मजुरीतली दहा टक्के रक्कम पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर द्यायची ही अट. चांगला मिस्त्री यावर भांडत नाही. जो भांडतो त्याला आत्ताच रामराम करा.

वायसरबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण गळतीचं मूळ तिथेच आहे. स्वस्त स्क्रूला साधं काळं रबर असतं, आपल्या उन्हात ते दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतं. पत्रा पंधरा वर्षं टिकणारा आणि वायसर तीन वर्षं, अशी घरं मी दर पावसाळ्यात पाहतो. स्क्रू जास्त आवळला तरी वायसर फाटतो, सैल राहिला तरी पाणी जातं. रबर कडेनं जरासं फुगलं की थांबायचं. कंपनीनं सांगितलेलेच स्क्रू वापरा, त्यांचं पाकीट आणि बिल कार्डासोबत ठेवा. ‘आमच्या शिफारशीचे स्क्रू नव्हते’ हे दावा नाकारण्याचं आवडतं कारण आहे.

दावा करायची वेळ आलीच तर पत्रा काढू नका. आधी फोटो आणि व्हिडिओ, मागच्या छाप्यासकट. मग दुकानदार आणि कंपनी दोघांना एकाच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टानं, बिल आणि कार्डाच्या झेरॉक्ससह, मूळ कागद कधीच नाही. कार्डात ‘दोष दिसल्यापासून ३० दिवसांत कळवावे’ असं असेल तर तारीख पाळा. व्हॉट्सॲपही करा, पण पत्राऐवजी नाही. कंपनीचा माणूस पाहणीला आला की तो काय लिहून नेतो त्याची प्रत मागा, आणि कोऱ्या किंवा इंग्रजी अर्जावर न वाचता सही करू नका. तोवर गळतीवर ताडपत्री टाका, डांबर फासू नका. डांबर फासलं की कंपनी म्हणते मूळ पत्रा पाहायलाच मिळाला नाही.

उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. कंपनी मोठी असेल तर अनेकदा इथेच प्रकरण हलतं. नाही हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की कोलकात्यात. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. याच कायद्याच्या ८४ व्या कलमात असं आहे की माल लेखी वॉरंटीप्रमाणे नसेल तर उत्पादक जबाबदार, आणि ‘आमचा निष्काळजीपणा नव्हता’ एवढं सिद्ध करून त्याची सुटका होत नाही. पत्र्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा आदेश आयोग देऊ शकतो, लेप खरंच १५० होता की ७० हे तिथे कळतं. मुदत मात्र दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. नुसती पत्रं पाठवत बसल्यानं ती वाढत नाही.

सिमेंटचे पत्रे आणि स्लॅबवरचं वॉटरप्रूफिंग हे दोन विषय तुम्ही विचारले नाहीत, म्हणून फार बोलत नाही. सिमेंट पत्र्याला कंपनी फुटतुटीची जबाबदारी घेत नाही, माल उतरवतानाच पाहून घ्यायचा. वॉटरप्रूफिंगमध्ये केमिकल बनवणारा आणि ते लावणारा यांच्या वॉरंट्या वेगळ्या असतात, लावणाऱ्याची लेखी नसेल तर डब्यावरच्या दहा वर्षांचा उपयोग नाही.

तुमच्या दोन मालांपैकी कोणता? घरासाठी ०.५० घ्या, पण ‘पंधरा वर्षं’ म्हणून नाही. वानरं, ऊन आणि वारा या तिघांना तोच पुरतो म्हणून. जास्तीचे पैसे फारच जड जात असतील तर ०.४५ घ्या, अट इतकीच की लेप चांगला असावा, पाइप जवळ घ्यावेत आणि वाचलेले पैसे स्क्रूवर घालावेत. ०.४० दहा वर्षांच्या कार्डासकट फुकट मिळाला तरी राहत्या घरावर मी बसवणार नाही.

शेजाऱ्यांच्या कोठ्याचं प्रकरण वेगळं आहे. ढोरांच्या मुताचा अमोनिया वर जातो आणि पत्रा खालून खातो. खालच्या बाजूला रंग पातळ असतो, त्यामुळे वरून चकाचक दिसणारी टिन आतून पोखरलेली निघते. गोठे आणि कुक्कुटपालनाच्या शेड बहुतेक कार्डांत सरळ वगळलेल्या असतात, तेव्हा कंपनीनं हात वर केले त्यात कागदानुसार वावगं काही नाही. दुकानदार मात्र सुटेलच असं नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं १६ वं कलम सांगतं की घेणाऱ्यानं कोणत्या कामासाठी माल हवा ते सांगितलं आणि विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला, तर माल त्या कामाला लायक असला पाहिजे. ‘अमुक कंपनीचाच द्या’ असं नाव घेऊन मागितला असेल तर हा आधार लंगडा पडतो. शेजाऱ्यांनी काय सांगून घेतला, त्याला साक्षीदार कोण, आणि दुकानदाराला तक्रार कधी कळवली, या तीन गोष्टींवर त्यांचं भवितव्य आहे. दोन वर्षं उलटली नसतील तर त्यांनी या महिन्यातच वकिलाला किंवा ग्राहक संघटनेला कागद दाखवावेत. तुम्हीही पुढेमागे कोठ्यावर टिना टाकणार असाल तर दुकानदाराच्या हातानं बिलावर ‘ढोरांच्या कोठ्यासाठी’ एवढं लिहून घ्या. लिहायला तो कचरला तर कोठ्यावर कवेलूच राहू द्या, आणि हवा खेळायला पाख्याखाली हातभर जागा मोकळी सोडा.